शांत बसलेलं मूल

शाळू निघाला की नगरच्या सावेडीतसुद्धा कळतं. इथे ना शेत, ना खळं. चारी बाजूंनी फ्लॅट आणि मधून रिक्षा. पण महाशिवरात्र झाली की कडब्यानं भरलेले टेम्पो रस्त्यानं जायला लागतात. पेंढ्या दोन्ही अंगांनी इतक्या बाहेर आलेल्या असतात की स्कूटरवाले शिव्या देत कडेला होतात. टेम्पो गेला तरी वास मागे राहतो आणि तो थेट माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत येतो. खालच्या मजल्यावरच्या बाई धूळ नको म्हणून खिडक्या लावून घेतात. मी माझ्या सगळ्या उघडते. एकटीच असते, विचारणारं कोण?

तरुणपणातलं काही आठव म्हटलं की आमच्या शेवगावकडच्या माणसाला दुष्काळच आठवतो. खडी फोडली, सरकारी सुकडी खाल्ली, रेशनच्या लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरेना, हे सगळं मलाही सांगता येतं, आणि लग्नकार्यात बरोबरीच्या बायका भेटल्या की मीही सांगते. पण एकटी असले की मला आठवते ती त्याच्या आधीची सुगी. आमच्या ओढ्याकाठच्या काळ्या रानात त्या वर्षी शाळू माणसाच्या वर गेला होता. काढणीला माणसं मिळेनात. आणि माझा रंगनाथ, आमचा रंगा, सात वर्षांचा होता.

रंगाला दोन दुखणी होती. एकाला नाव होतं, दुसऱ्याला नव्हतं. नाव होतं ते काळजाचं. नगरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मला समजेल अशा बेतानं सांगितलं, की काळजात भोक आहे आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे. जरा पळाला की त्याचे ओठ जांभळे पडत, नखं पिकल्या जांभळासारखी होत. मग तो असेल तिथे उकिडवा बसे. गुडघे पोटाशी, मान खाली. दोन मिनिटं तसा बसला की उठून पुन्हा पळे. हे बसणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "त्याच्या शरीरानंच ते शोधलंय. कधी जास्त झालं तर तुम्ही त्याचे गुडघे छातीशी दाबून धरा. थोडा मोठा झाला की मुंबईला ऑपरेशन करू. तोवर पळू देऊ नका, दमू देऊ नका, रडू देऊ नका." डॉक्टरांना घरी मूल नसावं, असा माझा तेव्हाच समज झाला.

कारण दुसरं दुखणं पळण्याचंच होतं. रंगा एका जागी ठरत नसे. भाकरीचा एक तुकडा ओट्यावर खायचा, दुसरा गोठ्यात, तिसरा हातात विसरून कुत्र्याला द्यायचा. पाणी आण म्हटलं की तांब्या घेऊन निघे आणि वाटेत मुंगळ्यांची रांग दिसली की तांब्या तिथेच. शाळेत त्याला बसवायला मास्तरांनी दोन मोठी पोरं दोन अंगांना बसवली, तर तो त्यांच्यासकट उठला. बोलायला लागला की समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे, स्वतःचंही नाही. आता माझ्या नातीच्या, रंगाच्या लेकीच्या, शाळेतल्या बाईंनी तिच्याबद्दल असंच सगळं सांगितलं आणि त्याला एक इंग्रजी नाव आहे म्हणाल्या. त्यावर कागद दिले, उपाय दिले, सुनेच्या पाठीवर हात ठेवला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. मला आनंद झाला आणि रागही आला. आमच्या वेळी या दुखण्याला नुसत्या शिव्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या आईच्या वाट्याच्या.

एक दुखणं म्हणे बस, दुसरं म्हणे पळ. आणि मधे मी.

रंगाचे वडील सोनईच्या बाजूला एका साखर कारखान्यावर सीझनला कामाला असत. दसऱ्याला बॉयलर पेटला की जात ते उन्हाळ्यातच परत येत. मधे कधी आले तर पोराला खांद्यावर घेऊन गावभर मिरवत, भेळ चारत, आणि "दिसतोय की चांगला" म्हणून परत जात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते असताना तो खांद्यावर असे, म्हणून त्यांना दिसत नसे इतकंच.

घरात सासरे होते, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, आणि थोरली जाऊ. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मामा शेतावरचे पक्के माणूस, बोलणं तोलूनमापून. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे आणि थेट बोलत तर कधीच नसे. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायचं, त्यांनी ते ऐकायचं. मी मूळची तोंडाळ. माहेरी मला रेडिओ म्हणत. त्या घरात मी भिंतीशी इतकं बोलले की भिंतीलाच माझी कीव आली असेल.

जाऊबाईंचा सल्ला ठरलेला. "बांधून घाल की त्याला. वासरू न्हाई का ऱ्हात दाव्याला? लाडावून ठिवलंय तूच."

आणि मी बांधायची. रानात कामाला गेलं की बांधावरच्या बाभळीला बांधायची. दावं काचेल म्हणून जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्याची पट्टी केली होती. त्याच्यासमोर शेंगा, दगड, मोडकी चाकं, जे सापडेल ते मांडायची. पण बांधलेला रंगा मोकळ्या रंगापेक्षा वाईट. तो ओढे, हिसके देई, ओरडे, आणि ओरडून जांभळा होई. म्हणजे ज्यासाठी बांधायचं तेच बांधल्यानं व्हायचं. हे मला दिसत होतं, पण दुसरं काय करायचं ते दिसत नव्हतं. शेजारच्या रानातल्या बायका कणसं खुडताना गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करून हसायच्या. मी त्यांच्यातली असून नसायची. माझा एक कान कायम बाभळीकडे. कुणी विनोद केला की मी एका श्वासानं उशिरा हसायची. मग त्यांनी मला सांगणंच सोडून दिलं.

त्या सुगीत मळणीला आमच्याच खळ्यावर चार बैलांची पात धरली होती. मधे तिवडा म्हणजे रोवलेला खांब, त्याला बैल बांधलेले, पायाखाली कणसं पसरलेली, तोंडाला मुसकी. बैल गोल फिरत राहायचे, दाणा सुटायचा. मामा मागून हळू "हो, हो" करत चालायचे. दुपारच्या उन्हात तो आवाज आणि कणसांची करकर ऐकली की धडधाकट माणसालाही पेंग यायची.

मला जरा झापड आली असावी. दचकून बघते तर बाभळीला नुसती पट्टी. पदर खोचून खळ्याकडे धावले, आणि मामांनी लांबूनच हात वर केला. थांब, असा.

रंगा पातीत होता. कडेच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून त्याच्या पावलांनी चालत होता. बैल जेवढा हळू, तेवढाच हा. तोंडानं अखंड बडबड चाललेली; बैलाला घाम येतो का, त्याला गरगरत नाही का, तो रागावला तर कुणावर रागावतो. बैल ऐकून घेत होता. रंगाचे ओठ मी आधी बघितले. फिकट होते, पण जांभळे नव्हते. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे, तो बसला नाही.

मामा भिंतीला सांगावं तसं तिवड्याकडे बघून म्हणाले, "पोराला बसवायचं न्हवतं. हळू चालवायचं हुतं. आपुन उगंच बांधीत बसलो."

दुसऱ्या दिवसापासून रंगाला काम मिळालं. बैलानं शेपटी वर केली की शेण दाण्यात पडायच्या आत पाटीत झेलायचं. जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे दोन पळं न बघणारा माझा मुलगा चार शेपट्यांवर सकाळपासून नजर ठेवून चालायचा. एकदाही चुकला नाही. "आये, तांबड्या आता करनार बघ," असं तो आधीच सांगायचा आणि तांबड्या करायचा. मामा हसायचे. मामांना हसताना मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं. मी मोकळ्या हातांनी इतर बायकांत बसून कणसं खुडली, त्या आठवड्यात एक विनोद मी सगळ्यांबरोबर हसले. सुख म्हणून मला जे आठवतं ते एवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे.

मग मळणी संपली. बैल सोडले. वाऱ्यावर उपणून दाण्याची रास झाली, पांढरीशुभ्र, माझ्या कमरेइतकी.

आता कुणी पाळत नाही, मशीन दाणा थेट पोत्यात सोडतं, म्हणून सांगायला हवं. रास मोजताना आमच्याकडे कुणी बोलत नसे. खळ्यावर चपला नाहीत, शिंक नाही, खोकला नाही. मोजणारा दिवस कलताना राशीपुढे बसे, पहिलं माप भरलं की एक न म्हणता ओठातल्या ओठात 'लाभ' म्हणे आणि मग मनातच पुढे मोजत जाई. मधे कुणी आवाज केला तर बरकत उडून जाते, अशी समजूत. जनावरंसुद्धा लांब बांधत. रंगाला आदल्या सगळ्या वर्षी मोजणीआधी गावात पाठवून दिलं होतं. त्या वर्षी मामांनी स्वतः सांगितलं, "ऱ्हाऊ द्या त्याला. त्यानं राबलंय."

मी घरून राशीचा नैवेद्य करून आणला. मी नव्हते तेवढ्या वेळात, बैल सुटले म्हणून रिकामा झालेला रंगा पोरांबरोबर भुसकटाच्या ढिगावर उड्या मारत राहिला होता. मला हे माहीत नव्हतं. मी आले तेव्हा मोजणी सुरू झालेली. मामा अधोलीचं माप भरत होते, दोघं पोती धरून उभे होते, गावातली चार माणसं कडेनं बसलेली. आणि राशीशेजारी रंगा उकिडवा बसला होता. मान खाली, हात गुडघ्यांभोवती, हूं की चूं नाही. मामांनी माप ओतता ओतता त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं कौतुक होतं की बस. जाऊबाईंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बघ, आज कसा शहाण्यासारखा बसलाय. सगळं खळं माझ्या मुलाच्या शांत बसण्यावर खूश होतं.

मी त्याची नखं बघितली. ती काळी पडली होती.

मी बांगड्या वाजवल्या. मामांनी मान वर केली नाही. पुन्हा वाजवल्या. जाऊबाईंनी डोळे वटारले. रंगाचं डोकं हळूच एका बाजूला कललं आणि तो राशीवर आडवा झाला. दाणे घरंगळले, तेवढाच आवाज. तरी कुणी हललं नाही, कारण मूल झोपलं असंच सगळ्यांना वाटलं.

"मामा!" मी ओरडले. लग्न होऊन आल्यापासून त्यांना मारलेली माझी पहिली हाक. "मामा, पोरगं गेलं! गुडघं धरा त्याचं, गुडघं!"

पदर कुठे होता मला ठाऊक नाही. मी नैवेद्याचं ताट टाकून राशीवरून, दाण्यांवरून पाय देत धावले. पण मामा जवळ होते. अर्धी भरलेली अधोली बाजूला ठेवून त्यांनी त्याला उचललं, मांडीत घेतलं आणि मला करताना बघितलं असावं तसे त्याचे गुडघे छातीशी गच्च दाबले. आणि ते बोलायला लागले. तो तोलूनमापून बोलणारा माणूस तोंडाला येईल ते बोलत होता. "घे, श्वास घे रं रंग्या. तांबड्या बोलीवतोय तुला. घे बाबा. उठ, पात धरायचीया. श्वास घे." किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग त्याच्या ओठांवरची शाई विरळ झाली, तो कण्हला, आणि पहिलं काय बोलला तर, "आये, ताट सांडलं का गं?"

मोजणी तिथेच राहिली. आकडा मामांच्या डोक्यातून गेला होता. त्या वर्षीचा दाणा न मोजताच पोत्यांत भरून घरी आला.

पुढच्या वर्षी पाऊस रुसला, त्याच्या पुढच्या वर्षी आलाच नाही. आमच्या गावात त्याचं कारण सापडायला वेळ लागला नाही. आधी कुजबुज होती, मग उघड. रासंवर बाई वरडली. दाण्यावर पाय दिला. चिडून म्हणत होते असंही नाही, त्यामुळे भांडताही येईना. पाझर तलावाच्या कामावर पाट्या टाकताना एखादी हसत म्हणायची, "इमल, तोंड मीट गं बाई, ढग बिचकत्यात." सगळ्या हसायच्या. मीही हसायची, आता उशीर न लावता. शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या. थट्टेला काय देणार? माझी सख्खी आई भेटायला आली आणि जाताना हळूच म्हणाली, एखादा नारळ तरी फोड राशीच्या जागेवर. त्या दिवशी मला कळलं की माझ्या बाजूला उभं राहायला या जगात कुणी नाही.

एकदा मामांनी कामावर ते ऐकलं. पाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाऊस माज्या सुनंच्या तोंडाला भेत आसंल, तर त्येच्यापेक्षा मीच बरा. मी लई दिस झालं भ्यायचं सोडलंय." मामा पुन्हा पाटी उचलून चालू लागले, माझ्याकडे न बघता. त्यांच्याशी मी त्यानंतरही भिंतीमार्फतच बोलले. रीत ती रीत.

बैल चाऱ्याच्या छावणीत गेले होते. मग रंगापुढे मी चालायला लागले. घरापासून तलावाच्या कामापर्यंत उजाड माळ, आणि त्यावर आम्ही दोघं. तो माझा पदर धरून मागे, मी बैलाच्या चालीनं पुढे. बाकीच्या बायका केव्हाच पुढे निघून गेलेल्या असायच्या. हाजरीला रोज उशीर, रोज मुकादमाची बोलणी. पण त्या वाटेवर रंगा मला जगातलं सगळं विचारायचा आणि माझ्याकडे उत्तरं नसली तरी त्याचं अडायचं नाही. इतकं कुणीही माझ्याशी आधी बोललं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही. पदराला बसणारी त्याची ओढ वाढली की मी थांबायची. मागे वळून बघावं लागत नसे. तो दमला हे त्याच्याआधी मला कळे.

दुष्काळातच मुंबईला ऑपरेशन झालं. दवाखान्यातल्या दिवसांचं मी कुणाला सांगत नाही. एवढंच सांगते, की डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत होते, आणि ते पाय घाई करत नव्हते म्हणून मला धीर आला. पंधरवड्यानं रंगाची नखं गुलाबी झाली. मी रोज सकाळी उठून आधी ती बघायची, मग देवाचं नाव घ्यायची.

आम्ही परत आलो तेव्हा पाऊस होऊन गेला होता, माळावर हिरवं दिसत होतं. शेवगावात आम्ही तिघं एसटीतून उतरलो. मी सवयीनं पदराचं टोक मागे सोडलं आणि बैलाच्या चालीनं निघाले. बरीच पावलं गेल्यावर लक्षात आलं की पदर हलका आहे. रंगा पुढे होता. माझ्या बाजूनं कधी निघून गेला कळलंही नव्हतं. तो पळत होता, बाजारपेठेच्या वळणापर्यंत पळाला, थांबला नाही, बसला नाही, वळणापलीकडे गेला. रंगाचे वडील आनंदानं रडत होते. मीही रडत होते. त्यांना वाटलं आम्ही एकाच गोष्टीसाठी रडतोय.

काळीज दुरुस्त झालं. पळणं राहिलं, ते आता चाळिशी ओलांडली तरी आहे. चार धंदे केले त्यानं. आता ठिबकचे पाइप विकत जिल्हे पालथे घालतो आणि ते त्याला मानवतं. फोन हॉटेलात विसरतो. माझा वाढदिवस विसरतो, स्वतःचाही. शेजारच्या बाई मायेनं विचारतात, "मुलगा येत नाही का हो?" येतो, मी म्हणते. कामाचा माणूस आहे.

गेल्या रविवारी आला, न सांगता. लिफ्ट बंद होती, तर तिन्ही मजले दोन-दोन पायऱ्या टाकत चढून आला. धापा टाकत दारात उभा. मी त्याचा हात हातात घेतला आणि चेहऱ्याच्या आधी नखं बघितली. त्यानं हात सोडवून घेतला. "आई, काय गं हे अजून! चहा टाक, निवांत बसणार आहे आज."

मी आलं किसलं. दोन कप चहा गाळून बाहेर आले तर दार सताड उघडं. गाडीतून काहीतरी आणायला खाली गेला असेल म्हणून थांबले. चहावर साय धरली तेव्हा फोन वाजला. मागे वाऱ्याचा आणि ट्रकचा आवाज.

"आई, अगं मी निघालोच की! एकाचा फोन आला, बोलत बोलत गाडीत बसलो. पांढरीपूल आला आता. चहाचं डोक्यातूनच गेलं बघ. परत येऊ का?"

त्याच्या आवाजात धाप नव्हती. फोनवर मी आधी तेच ऐकते.

"नको," मी म्हटलं, "जा तू."

दार मात्र मी संध्याकाळपर्यंत लावलं नाही.